जूनमध्ये आठवलेली पंचरूम

कोपऱ्यावरच्या घराबाहेर आज झेंडा लागला आणि झेंड्याच्या काठीच्या टोकाला एक दप्तर लटकताना दिसलं. म्हणजे तिथला मुलगा शाळेची शेवटची परीक्षा पास झाला. हॉलंडमधली ही रीतच आहे. जून आला की गल्लीत एकेक दप्तर असं वर चढतं. झिजलेल्या पट्ट्यांची, पेनानं गिरगटलेली, चेन तुटलेली ती दप्तरं वाऱ्यावर हेलकावे खात राहतात आणि खालून जाणारे सायकलवाले घंटी वाजवून घरच्यांचं अभिनंदन करतात. इतकी वर्षं इथे राहूनसुद्धा ते दप्तर दिसलं की मी आधी नजर वळवते, मग हसू येतं. नजर का वळते ते सांगायला नको. जिची शाळा आठवीत सुटली, तिला परीक्षा दुसऱ्याच्या घरावर टांगलेली दिसली तरी धाक वाटतो.

हसू मात्र एका ठरावीक उन्हाळ्याचं आहे. नवं शतक पाच-सहा वर्षांचं झालं होतं, आणि आमच्या पोटमाळ्यावर केतकी राहायला आली होती.

आम्हालाही तेव्हा ॲमस्टरडॅमजवळच्या उइटहॉर्नला येऊन फार दिवस झाले नव्हते. ह्यांना इथल्या एका विमा कंपनीनं जुन्या मेनफ्रेम कम्प्युटरवरचे प्रोग्राम सांभाळायला पुण्याहून बोलावून घेतलं होतं. आजूबाजूची मराठी मंडळी सगळी तरुण, लॅपटॉपच्या पिशव्या पाठीला लावून पळणारी. पिकल्या केसांचे आम्ही दोघंच. गणपतीत ओळखी करून देताना कुणी म्हणायची मी बी.ई., कुणी म्हणायची मी एमसीए, आणि माझी पाळी जवळ आली की मी प्रसादाचं ताट उचलून दुसऱ्या खोलीकडे निघायची. हेमेंटेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, कचेरीत खिडकीपलीकडच्या बाईनं शिक्षण विचारलं तेव्हा माझा आवाज इतका बारीक झाला की तिनं दोनदा विचारलं. ती नंतर हसून म्हणाली, ‘मग इथे भाषा शिकायला या, सकाळचा वर्ग छान आहे.’ त्या हसण्यात टोचणारं काही नव्हतं. हे मला खरं वाटायलाच कित्येक महिने लागले. या देशाचे मी जे उपकार मानते, त्यातला हा एक.

केतकी पुण्याची. कम्प्युटर इंजिनियर झालेली, दोन वर्षं नोकरी केलेली, आणि ती सोडून ॲमस्टरडॅमला पीएचडीला आलेली. विषय काय, तर संगणकाचा इतिहास. पहिल्याच दिवशी ह्यांनी तिची फिरकी घेतली.

‘‘इतिहास? अगं, ज्या प्रोग्रामचा तू इतिहास लिहिणार, तो मी उद्या सकाळी दुरुस्त करायला चाललोय. पेशंट जिवंत आहे आणि तुम्ही तेराव्याला बसलात!’’

‘‘काका, म्हणूनच घाई आहे,’’ ती म्हणाली. ‘‘जिवंत असतानाच विचारायला हवं ना.’’

मे महिना होता. आम्सटेल नदीच्या काठावरच्या पॉप्लरच्या झाडांचा कापूस हवेत उडत होता, उघड्या खिडकीतून आत येऊन ओट्यावर, पडद्यावर, कुकरच्या शिट्टीवर बसत होता. दर थोड्या वेळानं डोक्यावरून विमान जायचं आणि बोलणं तेवढ्यापुरतं थांबायचं. इथल्या लोकांना या दिवसांत पांढऱ्या ॲस्परॅगसचं भलतं वेड. केतकीनं बाजारातून जुडी आणली होती आणि आम्ही दोघी ते कोंब सोलत बसलो होतो. मला ते कसे सोलायचे ते कळत नव्हतं आणि तिला तर काहीच सोलता येत नव्हतं.

ह्यांनी पुन्हा विषय काढला. ‘‘तरी पण कोण लिहितं गं हा इतिहास?’’

‘‘सुरुवातीला तुमच्यासारख्यांनीच लिहिला. ज्यांनी मशिनं बनवली, त्यांनी म्हातारपणी आठवणी लिहिल्या. आणि मग आपसात भांडले, पहिलं मशीन कुणाचं म्हणून.’’

‘‘मग कुणाचं?’’

‘‘बघा, तुम्हीपण तेच विचारताय!’’

ती हसत होती, पण पुढे सांगताना तिचा आवाज बदलला. आपल्या माणसांविषयी बोलताना बदलतो तसा. ती म्हणाली, भांडणं चालू होती तोवर मशिनं भंगारात निघाली. तेव्हा काही वेड्या लोकांनी ती आपल्या गॅरेजमध्ये, गोठ्यात आणून ठेवली. मग इतिहास शिकलेली माणसं या विषयात आली आणि प्रश्न बदलले. मशीन कुणी बनवलं यापेक्षा ते विकत कुणी घेतलं, कशासाठी घेतलं. बँकांनी, रेल्वेनं, सरकारी खात्यांनी त्याच्याकडून काय करून घेतलं. अमेरिका आणि इंग्लंड सोडून इतर देशांत काय चाललं होतं. ‘‘आणि आता कुठे, अगदी आता, विचारायला लागलेत की त्या मशीनसमोर बसलं कोण होतं.’’

‘‘मी बसले होते,’’ मी म्हटलं.

का म्हटलं, कुणास ठाऊक. बोलून गेले आणि लगेच कोंबाची सालं गोळा करायला लागले.

‘‘अगं, ती पंचरूम!’’ हे म्हणाले. ‘‘ते काय कम्प्युटर होतं होय?’’

केतकीनं मात्र हातातली सुरी खाली ठेवली.

पंचरूम म्हणजे पिंपरीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसमधली लांबट खोली. आई आजारी पडली, धाकट्यांना सांभाळायला घरी कुणीतरी हवं होतं, म्हणून माझी शाळा सुटली. घर सावरल्यावर गल्लीतल्या टायपिंगच्या क्लासला घातलं, आणि बोटं पळतात म्हणून तिथल्या सरांनी चिठ्ठी देऊन मला या खोलीत पाठवलं. बाहेर वैशाख पेटलेला असायचा आणि आत मात्र एसीत स्वेटर घालून बसावं लागायचं, कारण भोकं पाडायच्या जाड कागदी कार्डांना उकाडा आणि दमट हवा चालत नसे. आम्हाला थंडी वाजते का, हे कुणी विचारलं नव्हतं. विचारावं असं आम्हालाही वाटलं नव्हतं. मशिनं एका लयीत खडखडायची. कार्डाला भोकं पडायची आणि भोकांमधून निघालेला कागदाचा बारीक चुरा केसांत, गजऱ्यात, डब्यातल्या पोळीवर येऊन बसायचा. कारखान्याच्या प्रत्येक खात्यातून हातानं लिहिलेले तक्ते यायचे. त्यातला एकेक आकडा आम्ही कार्डावर उतरवायचा, आणि ती कार्डं पलीकडच्या काचेच्या खोलीतला कम्प्युटर वाचायचा. त्या खोलीत आम्हाला जायची परवानगी नव्हती.

माझं काम व्हेरिफायरचं. पुष्पा कार्ड पंच करायची आणि तेच कार्ड, तोच तक्ता माझ्याकडे यायचा. मी तिनं काय मारलंय ते न बघता तोच मजकूर पुन्हा मारायचा. दोघींचं जुळलं तर कार्डाच्या कडेला छोटी खाच पडायची, म्हणजे कार्ड पास. नाही जुळलं तर लाल दिवा लागून मशीन अडायचं, आणि चुकीचं कार्ड फाडून नवं करायचं. दोन माणसांनी एकमेकांकडे न बघता एकच गोष्ट केली, तर ती खरी, असा सगळा हिशेब होता.

आणि नियम एकच: जसं दिसतं तसं मारायचं. आपली अक्कल चालवायची नाही.

केतकीनं हे सगळं रेकॉर्ड केलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. ती प्रश्न कसे विचारायची हे बघण्यासारखं होतं. ‘तुम्हाला राग यायचा का?’ असं ती कधीच विचारायची नाही. ती विचारायची, ‘‘सकाळी खोलीत शिरल्यावर आधी काय करायचात?’’ मग मी सांगू लागले की गप्प बसायची, इतकी गप्प की मीच घाबरून पुढचं बोलायची. आपण काहीतरी वावगं बोलू, हिच्या मोठ्या कामात खडा टाकू, अशी धाकधूक मला सारखी. ‘‘हे नको लिहूस हं,’’ मी म्हणायची. ‘‘तुम्ही म्हणाल ते नाही लिहिणार,’’ ती म्हणायची. आणि खरंच नाही लिहायची.

एका शनिवारी ती मला आर्नहेमजवळच्या एका शेडमध्ये घेऊन गेली. बाहेर गाई, आत जुनी मशिनं. निवृत्त इंजिनियर लोक दर आठवड्याला जमून ती दुरुस्त करत होते. विम नावाचे उंच, वाकलेले आजोबा सगळ्यांचे पुढारी. त्यांनी मला कळेल अशा हळू डचमध्ये सांगितलं की जुनं मशीन आल्यावर त्याचं बटण कधीच लगेच दाबायचं नाही. आधी फोटो, मग धूळ, मग एकेक वायर तपासायची. वर्ष गेलं तरी चालेल. कुणी न मागितलेल्या, कुणी पैसे न देणाऱ्या कामासाठी एवढी सबुरी! मी बिघडलेल्या मिक्सरचं बटण चार वेळा दाबून बघणारी बाई, मला त्या माणसांच्या पाया पडावंसं वाटलं. कोपऱ्यात एक पंच मशीन होतं. विमनी खुर्ची पुढे केली. मी बसले, बोटं ठेवली, आणि बोटांना काही आठवेना. आमच्या मशीनपेक्षा त्याची बटणं वेगळीच होती. विम म्हणाले, ‘‘काही हरकत नाही. मशीनलाही काही आठवत नाही.’’

घोटाळा झाला तो एका आकड्यावरून.

स्टोअरमधले कारकून मराठी शाळेत शिकलेले. तक्ते इंग्रजी आकड्यांत भरायचे असत, पण घाईत हात सवयीवर जायचा आणि मध्येच मराठी एक उमटायचा. आपला एक आणि इंग्रजी नऊ, शेजारी ठेवून बघा. स्टोअरमध्ये एक पंप शिल्लक असेल तर कम्प्युटरला नऊ दिसणार. केतकीनं विचारलं, अशा वेळी तुम्ही काय करायचात? मी बेधडक सांगितलं, ‘‘शिपायाबरोबर तक्ता परत पाठवायचो. दुरुस्त होऊन आला की मगच मारायचो. नियम म्हणजे नियम.’’ हे सांगताना मला बरं वाटलं होतं. आमच्या खोलीची शिस्त या परक्या देशातल्या प्रबंधात जाणार होती.

तिनं त्यावर एक प्रकरण लिहिलं. पहिल्या वर्षाच्या शेवटी, म्हणजे पुढच्या जूनमध्ये, तिची एक बैठक होती. विद्यापीठातली प्राध्यापक मंडळी प्रकरण वाचून ठरवणार, हिला पुढची वर्षं द्यायची की इथेच थांबवायचं. थांबवलं तर इथे राहायचा परवाना संपला, पुण्याला परत. घरचे आधीच म्हणत होते, चांगली नोकरी सोडून हे काय खूळ. हे प्रकरणच तिचं सगळं होतं.

आणि बैठकीच्या आधी थोडेच दिवस पुण्याहून पुष्पाचं रेकॉर्डिंग आलं. मीच तिचा पत्ता शोधून दिला होता. केतकीच्या मैत्रिणीनं चिंचवडला जाऊन तिला तोच प्रश्न विचारला होता. माझं उत्तर न सांगता.

आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसून ऐकलं. पुष्पाचा आवाज जाड झाला होता, पण ठसका तोच. ‘‘तक्ता परत पाठवत बसायचं की काय? हट्! कोण एवढं रिकामं होतं? तो परत यायला दोन दिवस, तोवर साहेब आमच्या डोक्यावर. आम्ही दोघी सरळ एक मारायचो. ती पण आणि मी पण.’’

ह्यांना हसू फुटलं. ‘‘वा! म्हणजे अख्खा कारखाना तुमच्या अंदाजावर चालला होता!’’

मला रडू आलं. ‘‘माझं सगळं काढून टाक,’’ मी केतकीला म्हटलं. ‘‘पुष्पा मॅट्रिक झालेली आहे, तिचं ठेव. मी आठवी. मला नीट आठवत नसेल. माझ्यापायी तुझं वर्ष नको जायला.’’

‘‘काकू, मॅट्रिकचा इथे काय संबंध?’’ ती म्हणाली. पण तिचाही चेहरा उतरला होता. प्रकरणाचा पायाच हलला होता.

ते दिवस मला वासासकट आठवतात. स्ट्रॉबेरीचा मोसम, प्रत्येक नाक्यावर लाल टोपल्या, आणि घरात कुणी त्याला हात लावत नव्हतं. पोटमाळ्यावर केतकीच्या येरझाऱ्या. उजेड संपता संपायचा नाही. बाहेर गल्लीत पहिलं दप्तर वर चढलं आणि मी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

रविवारी तिच्या प्राध्यापक मारायके जेवायला आल्या. सायकलवरून, गुडघ्याला ग्रीस लागलेलं, हातात घरच्या बागेतल्या रुबार्बच्या आंबट देठांची जुडी. विद्यापीठातली एवढी मोठी बाई आपल्या टेबलाशी बसणार म्हणून मी सकाळपासून तीन वेळा साडी बदलली होती. त्यांनी वरण दोनदा मागून घेतलं. मग मला म्हणाल्या, आणि केतकी मराठीत सांगत गेली:

‘‘मी आधी पाणी उपसायच्या पंपांचा इतिहास लिहायची. कम्प्युटरकडे वळले तेव्हा लोक हसले. म्हणाले, कालच्या गोष्टीचा कसला इतिहास. तेव्हा आम्ही काय करायचो माहिती आहे? कारखान्यातल्या कम्प्युटर खात्याच्या प्रमुखाला एक पत्र पाठवायचो. तो सांगेल ते लिहायचो. तुमच्या साहेबांना विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते?’’

‘‘म्हणाले असते, कसलीच अडचण नव्हती,’’ मी म्हटलं.

‘‘बघा. आणि आम्ही ते छापलं असतं! आज आमच्याकडे दोन बायका आहेत आणि दोघींना वेगळं आठवतंय. मला तर मेजवानी वाटते ही.’’ त्यांनी खरंच ताटावर हात चोळले. ‘‘आता मला सांगा, पुष्पाला तसं का आठवत असेल? आणि तुम्हाला असं का?’’

असा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. कोण बरोबर, असं त्यांनी विचारलं नाही. का, असं विचारलं. मी विचार केला. पुष्पा कायम झालेली होती, तिचे वडील त्याच कारखान्यात होते. तिला भीती नव्हती. मी हंगामी. नियमाबाहेर एक बोट गेलं तर उद्या घरी, अशी माझी अवस्था. माझी आठवण त्या भीतीनं इस्त्री केलेली असेल. पण मग माझ्या लक्षात आलं आणि मी मोठ्यानं म्हटलं, ‘‘पुष्पानं एक मारला असता आणि मी नऊ, तर मशीन अडलं असतं. आमचं मशीन त्या आकड्यावर अडल्याचं तर आठवत नाही. म्हणजे एकतर तक्ते खरंच परत जात होते, नाहीतर मनात नियम घोकत माझी बोटं एकच मारत होती.’’

विमान येऊन गेलं. मग मारायके केतकीकडे वळून काहीतरी म्हणाल्या आणि केतकीनं ते भाषांतर न करता नुसती मान हलवली, डोळे मात्र चमकले होते.

तिनं प्रकरण नव्यानं लिहिलं. माझं म्हणणं ठेवलं, पुष्पाचं ठेवलं, दोन्हींच्या खाली लिहिलं की यातलं कोणतं खरं हे अजून सांगता येत नाही, आणि ते शोधायला काय काय बघावं लागेल: स्टोअरचे जुने कागद, इतर कारखान्यांतल्या पंचरूमच्या बायका, एखाद्या कपाटात उरलेली कार्डं. ह्यांनी मला ते मराठीत वाचून दाखवलं, आणि वाचता वाचता हळूहळू त्यांची थट्टा थांबली. मी ऐकत होते आणि मला आमची फाडलेली कार्डं आठवत होती. आमच्या खोलीत न जुळणाऱ्याला जागा नव्हती. यांच्या विद्येत त्यालाच आधी खुर्ची देतात. ‘माहीत नाही’ हे दोन शब्द मी आयुष्यभर मान खाली घालून उच्चारले होते. ही शिकलेली माणसं ते छापतात, आणि त्याच्यापुढे कामाला लागतात.

बैठकीच्या दिवशी केतकी सकाळी साडी नेसून निघाली, दही-साखर खाऊन. मी दिवसभर घरात काही ना काही पुसत होते. दुपार कलल्यावर फोन वाजला, मागे बसचा आवाज.

‘‘काकू, एका सरांनी विचारलंच. म्हणाले, शेवटी दोघींपैकी बरोबर कोण?’’

‘‘अगं बाई! मग?’’

‘‘मी म्हटलं, माहीत नाही. माझी पुढची तीन वर्षं त्यासाठीच हवी आहेत.’’

‘‘मग काय म्हणाले?’’

‘‘घे म्हणाले!’’

मी रिसीव्हर हातात धरून तशीच खाली, जिन्याच्या पायरीवर बसले. संध्याकाळी ह्यांनी स्ट्रॉबेरी आणल्या, केतकीला पहिली दिली आणि म्हणाले, ‘‘तेराव्याचं जेवण इतकं गोड असतं हे माहीत नव्हतं.’’

आता या विद्येची पुस्तकं दुकानाच्या फळीवर दिसतात. केतकी स्वतः विद्यापीठात मुलांना शिकवते, आणि तिचे विद्यार्थी, ती सांगते, हरवलेल्या वेबसाइटी शोधतात, जुने प्रोग्राम नव्या मशीनवर चालवून बघतात, कॉल सेंटरच्या पोरींशी बोलतात. रोज नवा माणूस सापडतो म्हणे, ज्याला अजून कुणी काही विचारलेलं नाही. मी ऐकते आणि मला त्या सगळ्यांचं फार कौतुक वाटतं. कालपरवा जन्मलेली विद्या, पण तिनं किती लवकर खाली वाकून बघायला सुरुवात केली.

त्या बैठकीनंतरच्या रविवारी मी दुकानातून कॉलिंग कार्ड आणलं आणि पुष्पाला फोन लावला. लग्नानंतर आम्ही बोललो नव्हतो, पण माझं उत्तर केतकीच्या मैत्रिणीनं तिला एव्हाना कळवलं होतं.

‘‘काय गं हॉलंडवाली, आली का आठवण? तक्ते परत पाठवायची म्हणे!’’

‘‘पाठवायचोच. तो टोपीवाला शिपाई नव्हता का?’’

‘‘तो साहेबांचा चहा आणायचा, तक्ते नाही न्यायचा!’’

‘‘तू अजून तशीच आहेस, पुष्पे. ऐकायचंच नाही कुणाचं.’’

‘‘आणि तू अजून घाबरतेस. इतक्या लांबून सुद्धा.’’

आम्ही भांडलो. भरपूर भांडलो. कशावरही एकमत होईना. खोलीच्या पडद्यांवर नाही, साहेबांच्या नावावर नाही, कॅन्टीनच्या वड्यावर नाही. कार्डातले पैसे संपत आल्याची सूचना मध्ये येऊन गेली. शेवटी मी म्हटलं, ‘‘एक सांग, आपल्या दोघींच्यात लाल दिवा किती वेळा लागला असेल?’’

‘‘तुझ्यामाझ्यात? मला तर एकदाही आठवत नाही.’’

‘‘मलाही नाही,’’ मी म्हटलं.

केतकी जिन्यात उभी राहून ऐकत होती. मी तिला मोठ्या आनंदानं म्हटलं, ‘‘बघ, एक तरी गोष्ट दोघींची जुळली.’’

‘‘एकदाही नाही?’’ ती म्हणाली. ‘‘इतक्या वर्षांत? मग तुम्ही सांगितलेली ती फाडलेली कार्डं कुणाची? काकू, आता मला खरी काळजी वाटायला लागली.’’